म्हातारीच्या पोटातला रस

नवरा गेल्यावर गोठ्याची वाटणी झाली, तेव्हा वहिनीच्या वाट्याला एक भाकड म्हातारी गाय आणि वाळक्या चाऱ्याची गंजी आली. दुभत्या गाई, धान्याच्या भरड्याची खोली आणि दूध थंड करायचं यंत्र धाकट्या दिराने घेतलं. तेही वहिनीने सोसलं असतं. पण त्याने ठिपकी नेली. ठिपकीची आई वितानाच मेली होती. त्या वासराला वहिनीने बाटलीने दूध पाजून, स्वतःच्या शालीत गुंडाळून वाढवलं होतं. आता ती दुभती झाली होती.

"भावजी, तेवढी एक राहू द्या मला," ती म्हणाली.

"दोघींना घालणार काय, वहिनी? म्हातारीलाच पुरायची मारामार. हां, आमच्या गव्हाणीत उरतं ते उष्टं न्या हवं तर."

तो शब्द वहिनीला सलला तो सललाच.

दोन गोठ्यांच्या मध्ये कमरेइतकी भिंत होती. दिराच्या गाईंनी टाकलेले चाऱ्याचे जाड दांडे वहिनी रोज गोळा करून आणायची, तोडून म्हातारीपुढे टाकायची आणि वर मूठभर पेंड, चिमूटभर क्षार घालायची.

"पेंड कसली घालता भाकडीला?" दीर भिंतीवरून हसायचा. "ती काय आता पेढे देणार आहे?"

पेंड गाईसाठी नव्हतीच. नवरा असताना जनावरांच्या डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं होतं, की चारा गाय पचवत नाही, तिच्या पोटातले जंतू पचवतात. चाऱ्यातले धागे फोडणाऱ्या जंतूंना नुसता चारा पुरत नाही. त्यांना पेंडीतलं नत्र लागतं, थोडं गंधक लागतं, शेजारच्या जंतूंनी सोडलेली काही आम्लंही लागतात. पण भरडा जास्त होऊन पोट फार आंबट झालं, की हेच आधी मान टाकतात. दीरही तेव्हा तिथेच उभा होता, फोनवर कुणाशी तरी भांडत.

आता जास्त दुधाच्या हव्यासाने त्याने चारा कमी केला आणि भरडा वाढवला. सुरुवातीला दूध वाढलं. दीर छाती काढून फिरू लागला. मग त्याच्या गाईंचं शेण पातळ झालं आणि भिंतीपलीकडून आंबूस वास येऊ लागला. वहिनीने तो ओळखला. एक शब्द बोलली नाही. सकाळी उठून आधी तो वास घ्यायची आणि मग चहा ठेवायची. चहा तिला हल्ली फार गोड लागायचा.

आणि पहिली आजारी पडून बसली ती ठिपकीच.

डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीला कान लावला. "सामसूम आहे. आतली वस्तीच उठलीय." त्यांनी खायचा सोडा पाजला. "आता निरोगी गाईच्या पोटातला रस पाजायला हवा, नव्याने जंतू वसवायला. तुमच्या बाकीच्या गाई हाच भरडा खातात, त्या उपयोगाच्या नाहीत." त्यांची नजर भिंतीपलीकडे गेली. म्हातारी डोळे मिटून रवंथ करत होती.

दीर भिंतीशी आला. "वहिनी..."

"उष्टं आहे हो भावजी. चालेल का तुमच्या गाईला?"

"वेळ काय आणि तुम्ही बोलताय काय!"

"वेळ मी केव्हाची बघतेय. वासावरूनच कळलं होतं मला."

डॉक्टर चपापले. "मग सांगितलं का नाही?"

"मला विचारलं कोणी?" ती म्हणाली. पलीकडे ठिपकी कण्हत होती. "भावजी, ठिपकी माझी. आत्ता, डॉक्टरांसमोर बोला. नाहीतर म्हातारीला हात लावू देणार नाही."

"आणि मरू द्याल तिला? बाटलीने पाजलेली ना ती?"

कुठे मारायचं ते दिराला बरोबर ठाऊक होतं. वहिनी म्हातारीच्या आडवी उभी राहिली. तिने नजर खाली घेतली नाही.

दिराने डॉक्टरांकडे पाहिलं. ते नळी धुण्यात गुंतले होते.

"घ्या! न्या एकदाची!"

"म्हातारीचं डोकं तुम्ही धरा," वहिनी म्हणाली.

म्हातारीच्या तोंडातून पोटात घातलेल्या नळीतून हिरवट, उग्र वासाचा रस आला आणि निम्मा दिराच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाला. उरलेला डॉक्टरांनी फडक्यातून गाळला आणि कोमट होता तोवर ठिपकीच्या पोटात सोडला. आणखी दोनदा काढावा लागला. दोन्ही वेळा डोकं दिरानेच धरलं.

ठिपकी उठली, वहिनीच्या गोठ्यात आली, चारा हुंगू लागली, मग एका सकाळी तिचा जबडा रवंथाला लागला. त्याच आठवड्यात दीर हातात दावं घेऊन आला.

"तेव्हा घाबरून बोललो, वहिनी. घरातल्या घरात असं धरून बसतं का कोणी?"

"घरातलाच मामला, म्हणून तर बाहेरचा साक्षीदार ठेवला."

"बरं, गाय राहू दे. माझ्या बाकीच्यांना थोडा चारा तरी द्या. दूध आटलंय."

"भरडा आहे की तुमच्याकडे."

तो तिथेच उभा राहिला. तोंडावर दार लावून घेणं सोपं होतं. वहिनीने ते सताड उघडलं, बादली घेतली आणि त्याच्या देखत ठिपकीची धार काढायला बसली.