बोरघाटात टिकलेला पत्रा

"नुसता नवा पत्रा ठोक आणि गाडी सोड," शेठ म्हणाले. "बाई रोज येऊन डोकं खातेय."

शेठ म्हणजे पनवेलच्या आमच्या गॅरेजचे मालक. मी त्यांच्याकडे बॉडी फिटर होतो. आणि बाई म्हणजे खाडीकाठच्या दिवाळे गावच्या हिराबाई कोळीण. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. नवी मुंबई हे नाव तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. हिराबाईंनी मिलिटरीच्या लिलावातला जुना पेट्रोल ट्रक घेतला होता. मासळी बर्फात घालून घाटावर पुण्याला न्यायची, हा त्यांचा धंदा. ट्रक चालवायचा त्यांचा दीर धर्मा. केबिन एवढी तापायची, की बिचारा पायांना ओली फडकी गुंडाळून बसायचा.

सगळा दोष फायरवॉलचा होता. फायरवॉल म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधली भिंत. इंजिनाची धग, धूर आणि वेळ आलीच तर आग अडवायची, हे तिचं काम. या ट्रकची भिंत गंजून चाळण झाली होती. कुणीतरी आतून गोणपाट चिकटवलं होतं. ते ऑइल पिऊन काळंकुट्ट झालेलं.

मी त्याचा एक तुकडा तोडून शेठसमोर पेटवला. तो भडभड जळाला. शेठ मान हलवून आत गेले.

मी जुनी भिंत पूर्ण उतरवली. पुठ्ठ्याचा फर्मा कापला, त्यावरून जाड पत्रा कापला. सपाट पत्रा गाडी चालताना थडथडतो, म्हणून ठोकून त्यावर उभ्या पन्हळी उठवल्या. दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड मारलं. केबिनच्या बाजूला अ‍ॅस्बेस्टॉसचा बोर्ड, त्यावर लोकरीचा जाड नमदा आणि शेवटी हिरवं रेक्झिन. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसं खाते, हे आम्हाला फार पुढे कळलं. तेव्हा आम्ही ते उघड्या हातांनी कापायचो.

पॅनेल बसलं. हिराबाई आल्या, रेक्झिनवर हात फिरवून खूश झाल्या.

"झाली ना रं गारी? मंग दे चावी."

"अजून भोकं बुजवायचीयत, हिराबाई."

"कसली भोकं?"

मी दाखवली. वायरींचं, स्टिअरिंगच्या दांड्याचं, पेडलांचं. भिंत कितीही चांगली असली तरी या वस्तू तिच्यातून आरपार जातातच.

"एवर्‍याशा भोकांना थांबू? माजी मावरं सरतील, ती तू खाशील?" मावरं म्हणजे मासळी; बर्फ वितळला की ती सडणार.

"आग तेवढ्यातूनच आत येते."

हिराबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग मासळीची पाटी उलटी करून तिच्यावर बसल्या. "कर. मी हतंच बसलंय."

त्यांच्या देखत मी वायरींना रबरी कडी बसवली, दांड्याभोवती अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी ठासली, पेडलांना चामड्याच्या पिशव्या शिवून लावल्या. त्या संध्याकाळी गाडी गेली.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी धर्मा गॅरेजच्या दारात उभा. भुवया जळलेल्या.

"मिस्त्री, गारी पेटली."

मी पुढे धावलो. "हिराबाई?"

"हाय. सगली हाव."

बोरघाटाच्या चढावर पेट्रोलची नळी तडकली होती. पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडालं आणि बॉनेटखाली भडका उठला. केबिनमध्ये धर्माशेजारी हिराबाई आणि त्यांची जाऊ. मागे लागूनच एक बस चढत होती. धर्माने उडी मारली असती, तर मासळीने भरलेला ट्रक सुटून बसवर गेला असता. त्याने इंजिन बंद केलं, सीटखालचा कॉक फिरवून पेट्रोल तोडलं आणि ब्रेकवर पाय दाबून बसून राहिला. समोरची काच तडकली, ज्वाळा वर चाटत होत्या, आणि तो बसलेला. बायका खाली उतरल्या. चाकांमागे दगड लावल्यावर हिराबाई ओरडल्या, तेव्हाच त्याने पाय उचलला. मग बर्फावरची ओली गोणपाटं आणि रस्त्याकडेची माती टाकून सगळ्यांनी मिळून आग विझवली.

"घाबरला नाहीस?" मी विचारलं.

"घाबारलू ना! पन आत जाल नव्हता. धग व्हती, सोसवंल यवरी."

ट्रक ओढून आणल्यावर मी बॉनेट उघडलं. इंजिनाकडचा रंग जळून गेला होता, पत्रा निळा-काळा पडून वाकला होता, वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. मग केबिनच्या बाजूने स्क्रू काढले आणि रेक्झिन सोललं. खाली नमदा होता तसाच, पांढराशुभ्र; बुजवलेल्या भोकांपाशीही काळा डाग नाही. मी त्याच्यावर तळहात ठेवला आणि कितीतरी वेळ उचललाच नाही. एका बाजूला तसला वणवा, दुसर्‍या बाजूला ही मऊ लोकर, आणि मध्ये जेमतेम बोटभर जाडी! एवढ्याशा जाडीच्या अलीकडे माणूस बसला होता. मी पॅनेलं पुष्कळ केली होती. भिंत म्हणजे काय, ते त्या दिवशी पाहिलं. आणि तिच्या आड बसून राहिलेला माणूस तर त्याहून मोठा वाटला.

शेठही येऊन बघून गेले. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "पुढच्या गाडीलाही असंच कर."

तेव्हापासून पत्र्यापेक्षा भोकांना मी जास्त वेळ देत आलो. गिर्‍हाइकं कुरकुरतात. त्यांना बसायला स्टूल देतो.