विहिरीकाठचा हिराकस

१० मे १९५६. सकाळी कुरडया वाळत घालायच्या होत्या, म्हणून घाटकोपरच्या आमच्या चाळीमागचं अंगण साफ करायला बसले. विहिरीच्या कठड्यापासून मागच्या भरावापर्यंत जमिनीवर पांढरी-पिवळी खरपुडी धरली होती. मधेमधे हिरवट. केरसुणीने निघेना, तेव्हा उलथनं घेतलं. टाचांच्या भेगांना झोंबत होतं.

तो भराव चाळीच्या मालकाने दिवाळीनंतर टाकला होता. पलीकडच्या ॲसिडच्या कारखान्यात लोखंड-गंधकाचे दगड जाळत. उरलेला चुरा फुकट मिळतो म्हणून मालकाने त्या चुऱ्यानेच मागचा खळगा बुजवला. तेव्हापासून भरावातून ओल झिरपायची, उन्हाने सुकायची, आणि ही खरपुडी वर यायची. मागच्या आठवड्यात वळवाची एक सर आली. खरपुडी विरघळून विहिरीकडे वाहिली आणि दोन दिवस हंड्यात पिवळा गाळ बसला. पुढे आख्खा पावसाळा होता, आणि सात बिऱ्हाडं त्या एका विहिरीचं पाणी पीत होती.

मालक दात कोरत आला. "काय वहिनी, अंगण खणून काढताय की काय?"

"हे काय आहे, ठाऊक आहे तुम्हाला?"

"मीठ. बाजूला खाडी, मिठागरं. खार फुटायचाच."

"मग चाखा."

तो नुसता हसला. मी चाखलं होतं. खारट नव्हतंच, आंबट, तुरट, जीभ आखडेल असं. माझे वडील शाळामास्तर. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, घालून ते घरीच काळी शाई करत. लहानपणी त्यातला एक खडा मी खडीसाखर समजून तोंडात टाकला होता. ती चव विसरण्यातली नाही.

आत जाऊन कोरा चहा आणला. बशीत ओतला, त्यात चिमूटभर खरपुडी टाकली. बघता बघता चहा शाईसारखा काळा झाला.

"घ्या. तुमच्या मिठाचा चहा."

"असले खेळ पोरांना दाखवा," तो म्हणाला. हसू मात्र गेलं होतं. "पाणी पसंत नसेल तर खोली सोडा. उद्या दहा जण खोली मागायला दारात उभे राहतील."

"पावसाआधी भराव उचला."

"उचलत नाही, जा!"

बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. रोज पाण्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्या त्याच. एकेकीने दार लोटून घेतलं. तो गेल्यावर शेजारची मालवणी जवळ आली. "गप रव गो. खोली गेली तर खंय जातलंस?"

"आणि विहीर गेली तर?"

"पाणी उकळून पियूया."

"हिराकस उकळून जातो होय? पाणी आटेल, तो तसाच राहील."

संध्याकाळी यजमान ऑफिसातून आले, त्यांचंही तेच. "तू कशाला पुढे होतेस?" मी विचारलं, "मग कोण होतंय?" त्यांनी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता हंडा, दोर आणि पोहरा घेऊन मी मालकाच्या बंगल्यावर गेले. त्याची विहीर भरावापासून लांब, पाणी नितळ. त्याची बायको दारात सडा घालत होती. "अहो, इकडे कुठे?"

"भराव उचलेपर्यंत आमचं पाणी इथलं," मी म्हटलं आणि पोहरा सोडला.

हंडा घरी रिकामा करून परत आले, तर मालक कठड्याला टेकून उभा. त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि दुसरा हंडा भरला.