टायबाबूंचे उमेदवार

समोरच्या माणसाच्या कॉलरमध्ये न विचारता दोन बोटं घालायची, ही काकांची सवय होती. समोर कोण आहे, ओळखीचा की परका, हे ते फारसं बघत नसत. बोटं आत, मान किंचित तिरकी, नजर छताकडे. नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखे क्षणभर थांबत आणि निकाल सांगत, "दोन बोटं गेली पाहिजेत. एकच गेलं तर फास, तीन गेली तर विहीर."

माझ्या कॉलरीत त्यांचा अख्खा पंजा गेला. शर्ट वडिलांचा होता.

"या, उमेदवार," ते म्हणाले, "ही विहीर बुजवायला हवी."

मला लिहायची सवय नाही. पण कलकत्त्यातल्या आमच्या थोड्याशा मराठी घरांमध्ये असा एकही तरुण नसेल, ज्याच्या गळ्याला त्यांची बोटं लागली नाहीत. तुमच्याही गावात असा कुणी असेल, ज्याला इतरांच्या मुलांची स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त काळजी. त्यांना मूलबाळ नव्हतं, एवढाच फरक.

चौरंगीवर विलायती कपड्यांचं एक मोठं दुकान होतं. तिथे टाय, कॉलर आणि हातरुमाल यांच्या काउंटरवर ते उभे असत. साहेबांच्या गळ्याभोवती फीत धरून त्यांचं आयुष्य गेलं. पुढे साहेब बोटीत बसून निघून गेले, टाय मात्र काचेच्या कपाटात तशाच लटकत राहिल्या. दुकानात दिवसभर कुणी फिरकेना. मग काकांनी आपली सगळी विद्या आमच्याकडे वळवली. नोकरी असो, इंजिनिअरिंग असो, डॉक्टरकी असो, मुलाखतीचं बोलावणं आलं की मुलगा आधी देवाच्या पाया पडे आणि मग भवानीपुरात काकांकडे जाई. गल्लीतली बंगाली मुलं त्यांना टायबाबू म्हणत. आम्ही नुसतं काका म्हणत होतो.

माझं बोलावणं वैद्यकीच्या कॉलेजातून आलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील हावड्याच्या एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे झालं तर झालं. नाही झालं तर मी फोरमनला सांगून ठेवलंय. पुढच्या महिन्यापासून माझ्याबरोबर यायचं." ते रागावून बोलले नव्हते. घरात मागे तीन भावंडं होती, आणि मी आधीच शिकायला पुष्कळ वर्षं घेतली होती.

अडचण माझ्या तोंडाची होती. कुणी इंग्रजीत काही विचारलं की मला उत्तर येत असे, पण ते गळ्यापर्यंत येऊन तिथेच बसून राही. दोन वर्षं कॉलेजात मी हजेरीच्या उत्तरापलीकडे फारसं बोललो नव्हतो.

"बोलण्याचं मी बघत नाही," काका म्हणाले. "कपडे बोलतात. तू फक्त त्यांच्या आड येऊ नकोस."

तालीम त्यांच्या बाहेरच्या खोलीत होई. काकूंच्या शिवणयंत्रावर चादर टाकली की ते बोर्डाचं टेबल. काका त्यामागे बसत आणि साहेबाचा आवाज काढून 'कम इन' म्हणत. तो आवाज इतका जाड असे की आतून काकू विचारत, "घसा धरलाय का? काढा करू?"

मी आत येई. तीन पावलांतच ते मला थांबवत.

"हात कुठे आहेत?"

हात माझ्या पाठीमागे असत.

"पुढे आण. हात म्हणजे चोरीचा माल नव्हे. खिशात नाही, पाठीमागे नाही, बसल्यावर मांडीखाली तर मुळीच नाही."

नेण्याच्या वस्तूही त्यांनी शिकवल्या. प्रमाणपत्रं सपाट पुठ्ठ्यात, पुठ्ठा डाव्या काखेत, म्हणजे उजवा हात नमस्काराला मोकळा. पेनात शाई अर्धीच, भरलेलं पेन गरमीत ओकतं. बूट आदल्या दिवशी घरभर फिरवायचे. "त्यांना काय करकरायचंय ते घरीच करकरून घेऊ देत." आणि रुमाल दोन. एक घामाचा, एक अब्रूचा. घामाचा उजव्या खिशात. अब्रूचा छातीच्या खिशात, घडी न मोडता. तो कधीच वापरायचा नाही.

"मग न्यायचा कशाला?" मी विचारलं.

"अब्रू वापरायला नेतात का?"

कोट त्यांचाच, राखाडी रंगाचा. काकूंनी तो दोन्ही बाजूंनी आत घेतला. टाय दुकानातली, निळी, कुणी न घेतलेली. शर्टाचं मात्र जमेना. चांगलं कापड पुढच्या भागाला, कॉलरला आणि बाह्यांना पुरलं. पाठीला उरलं नाही. काकूंनी मैद्याचं पोतं उकळून, निळीत घालून त्याची पाठ शिवली. गिरणीची अक्षरं तरीही फिकट निळी राहिलीच.

"हे दिसेल हो," काकू म्हणाल्या.

"कुणाला? पाठ खुर्चीला असते, वर कोट असतो. मुलाखत समोरून घेतात."

"आणि मरणाचं उकडतंय त्याचं काय? पोराला उकडून पाठवताय, बटाट्यासारखं."

"साहेबाचा बोर्ड असतो तिथे," काका गंभीरपणे म्हणाले. "साहेब कोटाशिवाय माणूस ओळखत नाही."

मुलाखतीच्या दिवशी आईने माझ्या हातावर दही घातलं. मी ते चाटून हात धुतला आणि ट्रामने निघालो. ज्येष्ठातलं ऊन होतं. कॉलेजपाशी उतरेपर्यंत घामाचा रुमाल भिजून त्याचं फडकं झालं होतं.

व्हरांड्यात बाकांवर तीसेक मुलं बसली होती. कुणी धोतर आणि पंजाबी म्हणतात त्या सैल बंगाली सदऱ्यात, कुणी साध्या पँट-शर्टात. टाय एकाच्याही गळ्यात नव्हती. मी पायऱ्या चढलो तशी सगळीच्या सगळी उभी राहिली. दरवानाने सलाम केला आणि माझ्यासाठी एक वेगळी खुर्ची आणून ठेवली.

"आशुन, शार," तो म्हणाला. म्हणजे, या, सर.

मला काहीच उमजेना. मग माझं लक्ष मुलांच्या कपाळाकडे गेलं. प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. बंगाली आया शुभकार्याला निघालेल्या मुलाच्या कपाळावर दह्याचा टिळा लावतात. त्या व्हरांड्यात तीच उमेदवारांची खूण होती. आमच्यात दही हातावर देतात आणि ते पोटात जातं. कोरं कपाळ, राखाडी सूट, काखेत पुठ्ठा. ते मला आतला, बोर्डाचा माणूस समजले होते.

"मी सुद्धा..." एवढं मी बंगालीत म्हणालो. पुढचं नेहमीप्रमाणे गळ्यात अडकलं. आणि मीसुद्धा एके काळी असाच बाकावर बसलो होतो, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला. सगळ्यांना बरं वाटलं.

बागबाजारचा एक काटकुळा मुलगा माझ्या खुर्चीजवळ आला. "सर, फार अवघड विचारतात का?" त्याचे तळवे घामाने ओले होते आणि ते कुठे पुसावेत हे त्याला कळत नव्हतं. पंजाबी नवी होती. मी छातीच्या खिशातला रुमाल काढला, घडी मोडली आणि त्याच्या हातात दिला. मग काय झालं मला माहीत नाही. मी म्हणालो, "हात लपवू नकोस. हात म्हणजे काही चोरीचा माल नव्हे."

तो हसला. मागचे दोघं हसले. आणखी चारजण जवळ सरकले. मी त्यांना पेनातल्या शाईचं सांगितलं, पुठ्ठ्याचं सांगितलं, करकरणाऱ्या बुटांचं सांगितलं. एकाने तिथल्या तिथे बूट काढून हातात घेतले. मी बोलत होतो, वाक्यं पुरी होत होती, आणि ऐकणारे माना डोलावत होते. मधेच मला जाणवलं की हा आवाज माझाच आहे. जाणवलं तरी तो थांबला नाही.

तेवढ्यात दरवानाने यादीतलं माझं नाव पुकारलं.

मी उभा राहिलो. बागबाजारच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या रुमालाकडे पाहिलं. "आपनिओ?" म्हणजे तुम्हीसुद्धा? मी मान हलवली. तो जो हसत सुटला, त्याच्याबरोबर सगळे बाक हसले, दरवानसुद्धा. मलाही हसू आवरेना. मी हसत हसतच दार ढकललं.

आत साहेब नव्हता. टेबलामागे तीन वयस्क बंगाली गृहस्थ, तिघंही पांढऱ्या धोतरात. मधल्या वृद्ध प्राध्यापकांनी चपला टेबलाखाली काढून ठेवल्या होत्या आणि ते ताडाच्या पंख्याने वारा घेत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला उकडत नाही?"

शिवणयंत्रापुढच्या कोणत्याही तालमीत हा प्रश्न आला नव्हता.

"फार उकडतंय, सर," मी म्हणालो.

"मग हे कशासाठी?"

"आमच्याकडे एक काका आहेत. त्यांनी घालायला लावलं. त्यांना वाटलं, इथे साहेब असतील."

तिघंही मोठ्याने हसले, पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. "काढा तो कोट," वृद्ध प्राध्यापक म्हणाले. "साहेब गेले. आता आपण माणसं माणसं बसू."

कोट काढला आणि तो खुर्चीच्या पाठीवर घालायला मी वळलो. वळल्यावर आठवलं. माझी पाठ त्यांच्याकडे होती, आणि पाठीवर गिरणीची अक्षरं. पंख्याचा आवाज थांबला. मी बसलो. हात मांडीखाली जायला निघाले. मी ते वर आणून टेबलाच्या कडेवर ठेवले.

"वडील काय करतात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी सांगितलं.

"समजा, लेथवर काम करताना एखाद्याच्या डोळ्यात लोखंडाचा कीस उडाला. डॉक्टर जवळपास नाही. काय कराल?"

हे मला पुस्तकातून आठवायचं नव्हतं. वडिलांच्या शेजारच्या यंत्रावरच्या माणसाने डोळा चोळला होता, आणि तो डोळा गेला. त्या आठवड्यात वडील घरी नीट जेवले नव्हते. डॉक्टर व्हावं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. "चोळू द्यायचं नाही," मी म्हणालो. "कीस उपसायला जायचं नाही. दोन्ही डोळे स्वच्छ कापडाने हलके झाकायचे. एक उघडा ठेवला तर तो हलतो आणि त्याच्याबरोबर दुखरा डोळाही हलतो. मग हाताला धरून इस्पितळात न्यायचं. आणि वाटेत त्याच्याशी बोलत राहायचं, कारण त्याला काही दिसत नसतं."

शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. वृद्ध प्राध्यापकांनी पंखा टेबलावर ठेवला आणि काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. व्हरांड्यातल्या सलामीपाशी काकू हसून खाली बसल्या. काका हसले नाहीत.

"कोट काढलास?" त्यांनी विचारलं. मी गाडीतून उडी मारली असं सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"त्यांनीच काढायला लावला."

"आणि ते तिघंही धोतरात?"

"तिघंही."

मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. मग त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "चुण्या कशा होत्या? बारीक की रुंद? पुढचा सोगा हातात धरला होता की खिशात खोचला होता?"

मला आठवेना. काका नाराज झाले. "एवढं समोर बसून आलास आणि बघितलं नाहीस?"

यादी लागली. माझं नाव खालून दुसरं होतं, पण होतं. बागबाजारच्या मुलाचं माझ्याही वर. वडिलांनी फोरमनला काय सांगितलं मला माहीत नाही. त्या दिवशी ते घरी येताना मातीच्या भांड्यात रसगुल्ले घेऊन आले आणि पहिला काकांकडे नेऊन दिला. तो कोट काढल्यामुळे मला प्रवेश मिळाला, की आधी घातला होता म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. काकांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, दोन्ही.

त्यांनी वेळ घालवला नाही. शेजारच्या बंगाली आजोबांकडे त्यांनी धोतर नेसायची शिकवणी लावली. आपलं धोतर पायांत बसतं, माणूस धावूसुद्धा शकतो. बंगाली धोतराचा पुढचा चुणीदार सोगा पावलांपर्यंत लोळतो, आणि तो सांभाळत चालणं ही एक वेगळी कला आहे. साठीच्या उंबरठ्यावर काका दुपारभर त्या चुण्या घालत बसत. दुकान तोवर जवळजवळ बंदच पडलं होतं. "बोर्ड बदलला," ते म्हणत. "उमेदवार बदलायला नकोत?"

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या हिवाळ्यात काका आणि काकू पुतण्याकडे नागपूरला कायमचे गेले. भवानीपुरात त्यांच्या खोलीत एक बँकेतलं कुटुंब राहतं. मुलाखतीला निघालेली आमची मुलं हल्ली आपापली तयार होतात आणि बरी दिसतात.

मला आठवतात ते दुर्गापूजेच्या दिवसांतले काका. नव्या उमेदवाराला दाखवायला म्हणून ते पहिल्यांदाच पूर्ण बंगाली वेषात जिना उतरत होते. सोगा डाव्या हातात मोरपिसाऱ्यासारखा धरलेला, उजवा हात भिंतीला. प्रत्येक पायरीवर थांबून आधी धोतर खाली जाई, मग पाय. वरून काकू ओरडत होत्या, "अहो, सोगा सोडा आणि कठडा धरा."

"सोगा सोडला तर शिकवू काय?" काका खाली बघतच म्हणाले, आणि पुढची पायरी उतरले.