काचेखालचं कलम

आमच्या ऑफिसातल्या बाईंबद्दल लिहायला बसलो की मला आधी राग येतो. बाईंचा नव्हे, त्यांचा कसला राग! राग येतो साहेबांचा, त्यांच्या कुलूपबंद कपाटाचा आणि पहिल्या खिडकीशी अकरा वर्षं बसून राहिलेल्या कारकुनाचा. तो कारकून मी.

आमचं खातं सरकारी भाड्याच्या घरांचं. भाडेकरू जिवंतपणी आपल्यामागे घर कुणाकडे राहावं ते नोंदवून गेला, तर घर त्या माणसाकडे राहतं. न नोंदवता गेला तर घर खात्याकडे परत, आणि आत राहणाऱ्यांनी तीस दिवसांत सामान उचलायचं. ही नोंद माझ्या खिडकीवर व्हायची.

कायद्याचं पुस्तक ऑफिसात एकच. ते साहेबांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात. आम्हाला रोजच्या कामाला लागायचं ते कलम चौदा. माझ्याही आधी कुणीतरी त्या पानाची झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली होती. ‘भाडेकरूने स्वतः कार्यालयात हजर राहून अधिकाऱ्यासमक्ष सही किंवा अंगठा करावा.’ वाक्य तिथं संपत होतं आणि पानही तिथंच संपत होतं. कुणी हुज्जत घातली की मी काचेवर बोट टेकवायचो. "हे बघा, कायदा आहे. मी नाही केलेला."

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लोक आपल्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून, पाठुंगळी घेऊन जिना चढायचे. एका आजोबांना मधल्या वळणावर उलटी झाली तेव्हा आमच्या शिपायानं त्यांच्या मुलालाच फरशी पुसायला लावली, आणि आम्ही चहा पीत राहिलो. ज्यांना माणूस आणणं जमायचं नाही त्यांच्या अर्जावर मी शेरा मारायचो, ‘अर्जदार समक्ष हजर नाही, सबब नामंजूर.’ माझं अक्षर फार सुंदर आहे असं सगळे म्हणतात.

बाई आमच्याकडे आल्या त्या सरकारी छापखाना बंद पडला म्हणून. तिथं त्या मुद्रितं तपासायच्या. एकीनं मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं कागदावर बोट फिरवत चूक धरायची. बावीस वर्षं त्यांनी कायदे असे अथपासून इतिपर्यंत वाचले होते, स्वल्पविरामासकट. अंगानं काटकुळ्या, चष्म्याला काळी दोरी, बोलणं बेताचं. नवरा लवकर गेला, मुलगी परगावी. छापखान्यातून येताना त्यांनी एक खोड बरोबर आणली होती. हातात कसलाही कागद आला की त्या आधी तो उलटून बघायच्या. औषधाची चिठ्ठी असो, लग्नाची पत्रिका असो, मागची बाजू पाहिल्याशिवाय पुढची वाचायची नाही. आम्ही त्यांना ‘पाठपोट’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

एका सोमवारी एक शिवणकाम करणारी बाई खिडकीशी आली. चाळिशीची असेल, दंडाला अजून सुयांची गादी तशीच बांधलेली. घर आईच्या नावावर, आणि आई तिथंच चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. हॉस्पिटलनं घरी न्या म्हणून सांगितलेलं.

"आईंना आणलंय का?" मी विचारलं.

"अहो, ती कूसही बदलत नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर फार तर. तिला चार जिने उतरवू कशी?"

मी बोट काचेवर टेकवलं.

ती त्या कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे घर हवं असेल तर तिला जिन्यातच मारू? माझं मशीन त्या घरात आहे हो. मी जाऊ कुठं?"

"पुढचे या," मी म्हणालो. असं म्हणताना आवाज चढवावा लागत नाही, सवयीनं येतं.

बाई मागच्या टेबलावरून उठून आल्या. "या कागदाच्या मागं काय आहे?"

"मागं टेबल आहे, बाई," मी म्हणालो. रांगेतले दोघेतिघे हसले. मलाही माझा विनोद आवडला.

"काच उचला."

अकरा वर्षांत ती काच कुणी उचलली नव्हती. चहाचा कप, शिक्के, फोन, सगळं हलवावं लागलं. कागद काचेला चिकटला होता, तो बाईंनी नखानं हळूहळू सोडवला. मागची बाजू कोरी होती.

"पुस्तकातलं पान मागून कोरं कसं असेल?" त्या म्हणाल्या. "झेरॉक्स एकाच बाजूची काढलीय. या कलमाला परंतुक असणार. अशा कलमाला असतंच."

परंतुक म्हणजे कलमाच्या शेवटी ‘परंतु’ म्हणून दिलेली सवलत, हे मला त्या दिवशी कळलं. पगार मात्र मी कायदा कळतो म्हणूनच घेत होतो.

बाई साहेबांकडे किल्ली मागायला गेल्या. साहेब म्हणाले, "बाई, इतकी वर्षं काम चाललंय. कुणाचं काही अडलंय का?" पुस्तक बघायचं असेल तर लेखी अर्ज करा, असंही म्हणाले. बाईंनी अर्ज केला. मंगळवारी तो साहेबांच्या टेबलावर होता, बुधवारी पेपरवेटखाली. तिकडे चौथ्या मजल्यावर एक म्हातारी दिवस मोजत होती, आणि इकडे कायद्याच्या खात्यात कायदा वाचायला परवानगी मिळत नव्हती! कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

गुरुवारी बाई अर्धी रजा टाकून सार्वजनिक वाचनालयात गेल्या आणि कलम चौदा हातानं उतरवून घेऊन आल्या, पाठपोट. ऑफिसच्या मधोमध उभं राहून त्यांनी ते वाचलं, छापखान्यातल्या त्या सपाट आवाजात. "परंतु, स्वल्पविराम, आजारपण किंवा वार्धक्य यामुळे भाडेकरू हजर राहू शकत नसेल तर, स्वल्पविराम, अधिकारी किंवा त्याने पाठवलेला कर्मचारी भाडेकरूच्या घरी जाऊन नोंद घेईल, पूर्णविराम."

साहेब केबिनमधून बाहेर आले.

"हाताने लिहिलेलं मी मानत नाही," साहेब म्हणाले.

"मग छापलेलं काढा."

बाईंना खोटं पाडायचं तर कपाट उघडणं भाग होतं, म्हणून ते उघडलं. पुस्तकात शब्दन् शब्द तोच होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला मीटिंग आहे, सोमवारी बघू," ते म्हणाले.

"कर्मचारी पाठवता येतो. आत्ताच वाचलं," बाई म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. साहेबांना मीटिंगला जायचं तर त्याच दारातून जावं लागणार होतं. आम्हा दोघांना त्या घरी पाठवण्याच्या आदेशावर त्यांनी सही केली.

मी आणि बाई नोंदवही, शिक्का नि शाईचं पॅड घेऊन चार जिने चढलो. तिसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. खोलीत खिडकीशी मशीन, कापडाचे गठ्ठे, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली आई. बाईंनी तिच्या कानाशी जाऊन सगळं कलम परंतुकासह वाचून दाखवलं. लेकीनं तिचं मनगट धरलं. अंगठा उमटला.

"झालं?" म्हातारीनं विचारलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

शनिवारी ती गेली. घर लेकीकडे राहिलं.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण बाईंनी सोमवारी साहेबांना विचारलं, की आतापर्यंत असे किती अर्ज आपण नामंजूर केले? साहेब म्हणाले, "जुनी मढी उकरू नका." आठवड्यात बाईंची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूमला झाली. किल्ली दाबून बसणारा तसाच खुर्चीत आणि पान उलटणारी तळघरात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मी तेव्हा काही बोललो नाही, हेही लिहून ठेवतो.

साहेबांनी एवढाच विचार केला नाही की नामंजूर अर्ज ठेवतात तळघरातच. बाईंनी एकेक गठ्ठा सोडला. खात्याच्या चुकीनं नामंजूर झालेला अर्ज पुन्हा उघडता येतो, हेही त्याच पुस्तकात होतं, कलम एकोणीस. एका दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं आणि एक फाईल समोर ठेवली.

मला तो माणूस आठवला. बेकरीत कामाला होता, हातावर भाजल्याचे डाग. आईला आणता येत नाही म्हणून तो तिचा अंथरुणातला फोटो घेऊन आला होता. मी म्हणालो होतो, "फोटो अंगठा करतो का?" रांग हसली होती. फाईलीत तो फोटो होता, आणि त्याखाली माझ्या सुंदर अक्षरातला शेरा.

"पत्र तुम्हीच लिहा," बाई म्हणाल्या. "तुमचंच अक्षर ओळखतील."

मी लिहिलं. चूक आमची होती, आपला अर्ज पुन्हा उघडत आहोत, आम्ही घरी येऊ. चार वेळा फाडून पाचव्यांदा नीट लिहिलं. आठ दिवसांनी पाकीट परत आलं, वर पोस्टमनचा शेरा, ‘या पत्त्यावर राहत नाहीत.’

राहतील कसे? त्या पत्त्यावरून त्यांना मीच उठवलं होतं.