सोफावाल्या काकूंची पत

सोफ्याचं कापड उसवून आतली स्प्रिंग नुसती दाबली, तरी काकूंना तिचं आयुष्य कळायचं. "ही अजून दहा वर्षं काढेल, फोम तेवढा बदला," असं सांगून त्या स्वतःच्याच हातानं बिल कमी करायच्या. दुकान त्यांनी नवऱ्याच्या जोडीनं उभं केलेलं, त्यावरचं बँकेचं कर्जही दोघांच्या नावावर.

नवरा अचानक गेला तेव्हा एकोणीस हप्ते बाकी होते. काकूंनी मृत्यूचा दाखला बँकेत दिला आणि सांगितलं, "हप्ता चुकणार नाही." चुकला नाहीच. कर्ज फिटल्याचा कागद त्यांनी कपाटात दागिन्यासारखा जपून ठेवला.

दोन वर्षांनी एका इस्पितळाच्या साठ खुर्च्या मढवायचं काम चालून आलं. जाड रेक्झिन शिवायला मोठं मशीन हवं होतं, म्हणून काकू त्याच बँकेत गेल्या. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्यानं संगणकात नाव घातलं आणि विचारलं, "अर्जदार कुठे आहेत?"

"मीच की."

त्यानं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "काकू, इथे तुम्ही... मयत दिसताय. क्रेडिट स्कोअरच येत नाहीये. कर्ज नाही होणार."

बँकेनं दाखला नवऱ्याचा घेतला होता आणि मारलं होतं बायकोला.

"मग करा की दुरुस्त!"

"ते आमच्या हातात नाही. पतीची नोंद ठेवणारी कंपनी वेगळी... म्हणजे पत, क्रेडिटची."

काकूंच्या लेकीनं कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, बँक कळवते तेच आम्ही दाखवतो, बँकेलाच विचारा. बँक म्हणाली, जिवंत असल्याचा दाखला आणा. तो आणला, तर म्हणाली, मुख्य कार्यालयात पाठवलाय. मुख्य कार्यालयात फोन केला, तर तो कुणी उचलेना. दर खेपेला दुकानाचं शटर ओढायचं, रांगेत उभं राहायचं आणि हात हलवत परत यायचं.

"वहिनी, मोठ्या लोकांशी भांडून काय हाती लागणार?" दुकानात हाताशी असलेला दीर म्हणाला. "मी बाहेरून व्याजानं पैसे आणतो."

"चूक त्यांची आणि दुप्पट व्याज मी भरू? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

इस्पितळाचा भांडारपाल भला माणूस, तीन आठवडे थांबला. मग खुर्च्या दुसरीकडे गेल्या.

त्या दिवशी काकू बँकेत शिरल्या त्या थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये. "ते एकोणीस हप्ते कुणी भरले, साहेब? मेलेल्या बाईनं? पैसे घेताना नाही मागितलात जिवंतपणाचा दाखला!" मॅनेजर पाणी मागवायला लागला. "पाणी नको, उत्तर द्या."

आलं ते पाणीच. तेव्हा लेकीनं बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयात सगळे कागद जोडून अर्ज केला. तिथून विचारणा आली मात्र, चार महिने न हललेली नोंद नऊ दिवसांत बदलली. सोबत पत्र आलं: तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

काकूंनी ते परत नेऊन टेबलावर ठेवलं. "तांत्रिक म्हणजे कोण? तुमच्या माणसानं माझ्या नवऱ्याऐवजी मला मेलेलं दाखवलं, तसं लिहा." तिसऱ्या खेपेला तसं लिहून मिळालं, सहीशिक्क्यानिशी.

"आता कर्ज लगेच मंजूर करतो," मॅनेजर मऊ आवाजात म्हणाला.

"माझं गेलेलं काम मंजूर करता येईल?"

मॅनेजर टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. काकूंनी तिथलं खातं बंद केलं. मशीन आलं ते दुसऱ्या बँकेच्या कर्जातून. त्यावर पहिल्यांदा शिवल्या त्या एका शाळेच्या गाडीच्या सीटा. काम चांगलं झालं, पैसेही वेळेवर आले. पण त्या जुन्या बँकेचं नाव निघालं की काकूंच्या हातातली सुई अजून थांबते आणि समोर गिऱ्हाईक कुणीही असो, त्याला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं.