नऊशे नव्वद ग्रॅम

नत्थूजींनी आपला लॅपटॉप एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून मोजला होता. नंदनवनातल्या त्या दुकानदाराने शेंगदाण्याची पिशवी बाजूला सरकवली, काळी थैली काट्यावर ठेवली आणि लाल आकडा वाचला. "चार किलो दोनशे. काय भरलं आहे जी यात, लोखंड?"

"पोट्टे-पोट्टींचे लग्नाचे बायोडाटा आहेत," नत्थूजी म्हणाले. दुकानदार हसला, पण त्यात खोटं काही नव्हतं.

पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा सहासष्ट वर्षांचा माणूस एकोणीस वर्षं एक काम फुकट करत आला होता. समाजाचा वधू-वर परिचय मेळावा दर हिवाळ्यात भरे, त्याची पुस्तिका निघे, आणि त्या पुस्तिकेतले बायोडाटा नत्थूजी घरोघर जाऊन, समोर बसून टाइप करून आणत. फॉर्म वाटून भागत नसे. उंची विचारली की बाप दोन इंच वाढवून सांगे, पगार विचारला की आई. ते एकवेळ चालून जाई. खरी मेख होती शेवटच्या रकान्यात, ‘नातेसंबंध’ या. मुलाच्या आजोळची, आत्याची, मावशीच्या सासरची आडनावं आणि गावं त्यात यायला हवीत. नाहीतर पोहे खाऊन झाल्यावर कळायचं की मुलगा मुलीचा नात्याने मामा लागतो. हा एक रकाना भरायला तासभर लागे. म्हातारी माणसं एकेका नावाशी थांबत, कुणाच्या लग्नात जावई रुसला तेही सांगत, आणि तोवर दुसरा चहा येई.

ही नावं काढून घेण्याचं काम खरं तर शोभाताईंचं, नत्थूजींच्या बायकोचं. त्या थेट स्वयंपाकघरात जाऊन बसत आणि तिथून ओरडत, "अवो, लिहा, मोठ्या मावशीचं सासर काटोल!" नत्थूजी बाहेरच्या खोलीत मुकाट्याने टाइप करत. दोघांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे लोकांची पोरं उजवण्याचा उत्साह दोघांनाही जरा जास्तच होता.

जाणंयेणं स्कूटरवर. नत्थूजी पुढे, शोभाताई मागे आणि थैली शोभाताईंच्या मांडीवर. लॅपटॉप तेव्हाही हाच होता, चार्जरही हाच. पण तो जड आहे हे नत्थूजींना कधी कळलंच नाही. कळलं ते चार वर्षांपूर्वी, शोभाताई गेल्यावर. थैली त्यांच्या खांद्यावर आली आणि दोन हिवाळ्यांत खांदा आखडला. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली, वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं.

म्हणून ते सीताबर्डीच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. तिथल्या गुंजन नावाच्या मुलीने काचेच्या टेबलावरून एक राखाडी, वहीएवढा लॅपटॉप उचलला आणि सरळ त्यांच्या हातात दिला.

"घ्या काका, धरून तर बघा. नऊशे नव्वद ग्रॅम. पूर्ण किलो पण नाही."

नत्थूजींनी तो डाव्या हातात घेतला, मग दुखऱ्या उजव्या. खांदा काही बोलला नाही. इतका हलका की आत काही भरायचं राहून गेलं असावं असं वाटलं. बॅटरी दिवसभर चालते, चार्जर खिशात मावतो, अक्षरं स्वच्छ दिसतात. किंमत एक लाख बारा हजार नऊशे नव्वद.

"याच्यात जे होते तेच त्या पंचेचाळीस हजाराच्यात बी होते ना?" त्यांनी पलीकडच्या जाड्या लॅपटॉपकडे बोट केलं.

पोरगी खरी बोलणारी निघाली. "तुमचं टायपिंगचंच काम असेल तर हो काका. जास्तीचे पैसे वजन कमी असण्याचे आहेत. घरी टेबलावर ठेवायचा असेल तर हा नका घेऊ. रोज घेऊन फिरायचं असेल तर वसूल होते. तुमचं फिरणं खूप असतं का?"

"खूप," नत्थूजी म्हणाले.

ही किंमत पुढच्या रविवारपर्यंतच होती. गुंजनने आपला नंबर लिहून दिला.

खूप फिरणं! एके काळी हिवाळ्यात दोनशे घरं होत. मग समाजाच्या संस्थेत रोहित नावाचा तरुण सचिव आला आणि त्याने मोबाइलवर भरायचा फॉर्म काढला. गेल्या वर्षी नत्थूजींच्या वाट्याला एकसष्ट घरं आली. यंदा पाच. त्यांतल्या चौघांनी नंतर कळवलं की भाच्याने भरून दिला, तुम्ही त्रास घेऊ नका. रोहितही फोनवर म्हणाला, "काका, आता कायले हिंडता? लोक घरबसल्या भरून राहिले. तुम्ही आराम करा." आराम करा हे वाक्य ज्यांच्या घरात माणसं आहेत त्यांनीच शोधून काढलं असावं. नत्थूजींना आरामाची काय ददात होती? मेळावा झाला की दहा महिने त्यांच्या दाराची बेल दूधवाल्याशिवाय कुणी वाजवत नसे.

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण ही हौस नव्हती, हेच तर अवघड होतं. हौस असती तर माणूस हसून पैसे मोडतो किंवा हसून सोडून देतो. नत्थूजी रोज सकाळी ठेवीची पावती कपाटातून काढत, वाचत आणि परत ठेवत. लॅपटॉप घेतला तर खांदा सांभाळून हिंडता येईल. हिंडायचं कुठे, हे मात्र त्या पावतीवर लिहिलेलं नव्हतं. आणि नाही घेतला, तर उद्या कुणाच्या दारात काय म्हणून उभं राहायचं? थैली खांद्यावर असली की लोक म्हणत, या, बसा, बायोडाटावाले काका आले. थैलीशिवाय ते कोण होते? चहा मिळावा, कुणी दोन शब्द बोलावं म्हणून आपण लाखभर रुपये मोजायला निघालो आहोत, हे त्यांना स्वतःशीसुद्धा कबूल करवत नव्हतं. त्याची लाज वाटत होती.

उरलेलं पाचवं घर सावनेरचं. कौसल्याबाईंनी स्वतः फोन केला होता. "भाऊ, मले त्या मोबाइलचं जमत नाही. पोट्ट्याचा बायोडाटा भरायचा हाय. तुम्ही याच."

त्या ‘याच’ने पारडं झुकलं. अशी घरं अजून आहेत तर! शनिवारी सावनेर करायचं आणि रविवारी सीताबर्डीवर जाऊन लॅपटॉप घ्यायचा, असं नत्थूजींनी ठरवून टाकलं.

गणेशपेठेहून बस मिळाली. जागा खिडकीशी होती आणि त्यांनी थैली मांडीवर घेतली. मांडीवर घेतली की ती जड लागत नाही, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. कोराडी मागे पडेपर्यंत ते थैलीवर दोन्ही हात ठेवून बसून होते. शोभाताईंनी पंधरा वर्षं हे असंच धरलं असणार, असं मनात आलं आणि डोळे भरले. शेजारचा माणूस सुपारी कातरत होता, त्याने पाहिलं नाही.

कौसल्याबाई सत्तरीच्या, घरात एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. त्यांनी कोथिंबिरीची सांबारवडी तळून ठेवली होती. नत्थूजींनी लॅपटॉप उघडला. नाव अंकुश, उंची पाच आठ, नोकरी बंगळुरू. कौसल्याबाईंनी इंचभरही वाढवून सांगितलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. मग नातेसंबंध. बाईंनी पदर सावरला आणि माहेरापासून सुरुवात केली. भाऊ, भावजया, त्यांची माहेरं, धाकट्या मावशीचं सासर, तिची नणंद, त्या नणंदेने विहिरीवर केलेलं भांडण. तासभर बाई बोलत होत्या आणि नत्थूजी टाइप करत होते. एवढं सुख त्यांना वर्षभरात झालं नव्हतं.

शेवटी फाइलला नाव देताना लॅपटॉपने सांगितलं, या नावाची फाइल आधीच आहे. नत्थूजींनी ती उघडली. तोच अंकुश, तोच फोटो, पाच वर्षांपूर्वीचा. शेकडो घरांत हे घर त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. खाली त्यांनी स्वतः नंतर लिहिलेला शेरा होता: ‘जमलं. फाल्गुनात लग्न. पेढे पोचले.’

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, अंकुशचं तर लग्न झालं ना?"

कौसल्याबाई रिकाम्या बशीकडे बघत होत्या. "झालं. दोन वर्षं होऊन राहिले."

"मंग हे काहून?"

"मंग तुम्ही आले असते काय, भाऊ? मी एकटी बाई, तुम्ही बी आता एकटे. बिनाकामानं माणूस घरी आला तर गल्ली इचारते, कायले आला म्हणून." त्यांनी बशी बाजूला सारली. "मागच्या टायमाले शोभाबाई इथं चुलीपाशी बसली होती. माह्या माहेरची सारी नावं तिनं इचारली. तेव्हापासून कोणी इचारलं नाही गा मले, तुमचं माहेर कुठलं म्हणून."

नत्थूजींना राग यायला हवा होता. फुकट खेप पडली होती. पण आपलंच गुपित दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं तसं त्यांना झालं.  त्यांनी लॅपटॉप मिटला, चहा झाल्यावर येतो म्हणाले आणि पाचची बस धरली.

रविवारी त्यांनी गुंजनला फोन केला. "बाळा, तो लॅपटॉप नको."

"महाग वाटला का काका? दोन हजार अजून कमी होतील का विचारते मॅनेजरला."

"नाही बाळा. किंमत बरोबर आहे त्याची. माझंच फिरणं तेवढं नाही. मी तुले खोटं सांगतलं."

मग आठवडाभर त्यांनी घर आवरलं, कपाटं पुसली, दोन वेळा जेवणं केली. बेल वाजली नाही. पुढच्या शनिवारी ते सावनेरच्या बसमध्ये बसले तेव्हा खांद्यावर काही नव्हतं आणि मांडीवरही. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. चार किलो दोनशे ग्रॅम उचलून ते शेकडो दारांत गेले होते, पण असं दोन्ही हात हलवत जाणं त्याहून कठीण आहे हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. गल्लीच्या तोंडापासून ते एकदा मागे फिरले, पानठेल्यावर जाऊन उगाच बडीशेप घेतली आणि पुन्हा आले.

समोरच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली. "कोणाकडे जी?"

"कौसल्याबाईकडे."

"काही काम होतं?"

 एकोणीस वर्षांत या प्रश्नाला ते कधी अडखळले नव्हते. "काम काही नाही," नत्थूजी म्हणाले. "भेटाले आलो."

आतून कौसल्याबाई दाराशी आल्या. त्यांनी नत्थूजींच्या रिकाम्या खांद्याकडे पाहिलं. "थैली?"

"घरी ठेवली."

बाईंनी समोरच्या ओट्याकडे पाहिलं. तिथलं तांदूळ निवडणं थांबलं होतं. मग त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या पुरत्या उघडल्या, आतली खुर्ची ओढून थेट उंबऱ्यापाशी ठेवली, साऱ्या गल्लीला दिसेल अशी, आणि स्वतः समोर पाटावर बसल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "कुठवर आलो होतो आपण?"

"धाकट्या मावशीच्या नणंदेपर्यंत," नत्थूजी म्हणाले आणि बसले.