साठाच्या खालची बाई

साठ ते शंभर. माणसाच्या हृदयाने बसल्या जागी मिनिटाला एवढेच ठोके द्यायचे, असं कुणीतरी कधीतरी ठरवलं आणि छापून टाकलं. छापलं ते खरं, समोर बसलेलं जितंजागतं माणूस खोटं. संथाबाईच्या वाट्याला हा न्याय एकोणपन्नासाव्या वर्षी आला, आणि तोही बावीस वर्षं एकही ओझं न पाडता कारखान्यातली क्रेन चालवल्यावर.

नाव तिचं निराळंच होतं. संथाबाई हे पहाटे पळणाऱ्या मंडळींनी ठेवलेलं. एक शिंपी, एक गणिताच्या बाई, एक बँकेतला कॅशियर, अशी ती हौशी जमात. पळून झालं की भिंतीला हात टेकून पाय ताणायचे आणि एकमेकांची नाडी विचारायची. लोक विचारतात, पोरगी कितवीत आहे, ही मंडळी विचारायची, "आज उठताना किती?" शिंप्याचे पन्नास, गणिताच्या बाईंचे अठ्ठेचाळीस. संथाबाई बूट झटकत सांगायची, "बेचाळीस," आणि कॅशियरचं तोंड एवढंसं व्हायचं.

हे तिला जन्मजात मिळालं नव्हतं. अडतिसाव्या वर्षी केबिनमध्ये बसून बसून तिचे गुडघे आखडले, म्हणून तिने कारखान्याच्या कुंपणाभोवती पळायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी दुसऱ्या फाटकापाशीच ती मटकन खाली बसली होती. तेव्हा तिचे ठोके शहात्तर होते. अकरा वर्षं घाम गाळल्यावर ते बेचाळीसवर आले. मोठ्या बादलीने पाणी काढणाऱ्याला खेपा कमी लागतात, तसं तिचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलं होतं. नवरा म्हणायचा, "तुझं हृदय सरकारी नोकरीत आहे. काम करतं, पण घाई म्हणून करत नाही."

दरवर्षी कारखान्यात क्रेनवाल्यांची तपासणी व्हायची. जुने डॉक्टर तिच्या आकड्यापुढे समासात लिहायचे, 'पळते, ठीक आहे.' ते निवृत्त झाले. नव्या डॉक्टरांनी कागद बंद करून फॉर्म कॉम्प्युटरवर आणला, आणि त्या फॉर्मला समासच नव्हता.

"त्रेचाळीस," डॉक्टर म्हणाले. "ताई, चक्कर येते का?"

"नाही."

"धाप लागते?"

"डोंगर चढताना लागते. तुम्हालाही लागेल."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आकडा घातला. तो लाल झाला आणि फॉर्म पुढे सरकेना. मग त्यांनी तिला पळायच्या पट्ट्यावर चढवलं. दोनशे वीस वजा वय, म्हणजे तिचे जास्तीत जास्त ठोके एकशे एकाहत्तर, आणि त्याच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर पट्टा थांबणार, असा हिशेब. एकशे पंचेचाळीसला पट्टा थांबला तेव्हा संथाबाई सिस्टरला बुटांची लेस कशी बांधावी ते सांगत होती. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"थांबवलं का? आत्ता कुठे अंग गरम होतंय. चढावर माझे एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत जातात, घड्याळात दिसतात."

"शक्य नाही. तुमच्या वयाला एकशे एकाहत्तर."

"मग माझं हृदय चुकतंय म्हणा."

"अहो, तो तक्ता आहे. सरासरी असते."

"मग त्या सरासरीलाच बसवा क्रेनवर," असं म्हणून ती पट्ट्यावरून उतरली.

बोलायला बोलली, पण फॉर्मवर शिक्का पडला: अनफिट. आठ दिवसांनी एकदाच फेरतपासणी. त्यातही आकडा साठाच्या खाली आला तर केबिन कायमची गेली, नोकरी स्टोअरमध्ये, नटबोल्टच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. ती हृदयरोगतज्ज्ञाकडे गेली. त्याने आलेख काढला, चोवीस तास छातीला यंत्र बांधलं आणि पत्र दिलं की हृदय ठणठणीत आहे, पळणाऱ्यांचं असंच असतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी ते पत्र उलटसुलट करून पाहिलं. "बाहेरचं पत्र जोडायला यात जागा नाही," म्हणाले. जागा नाही! एका माणसाची बावीस वर्षं त्या फॉर्मने गिळली, आणि एका कागदाला त्यात जागा नव्हती.

संताप तिला यायचा तो बिडीकाडीवाल्यांचा. वर्कशॉपमध्ये दोन जिने चढताना खोकत बसणारे पाचजण ब्याऐंशी, नव्वद अशा ठोक्यांवर हिरवे होऊन आले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. घरी ती भांडी आपटत होती. नवरा म्हणाला, "अगं, आठ दिवस पळू नकोस. वाढतील."

"अकरा वर्षांचं आठ दिवसांत जातं होय? आणि का घालवू? कुणाच्या बापाचं खाल्लंय?"

"बरं, मग तपासणीआधी जिना चढून जा. धावत."

हे तिला पटलं. इतकी शहाणी बाई, पण रागात माणसाची अक्कल चरायला जाते. फेरतपासणीच्या दिवशी दोन कप कडक कॉफी पिऊन ती दवाखान्याचे तीन मजले दोनदा चढली. दाराशी नाडी धरली तर एकशे वीस. खुर्चीत बसेपर्यंत शंभराच्या आत येतील, म्हणून खूश होऊन आत गेली. सिस्टरने नाव लिहिलं, वजन केलं, खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला. या सगळ्याला लागली असतील चार मिनिटं. यंत्र म्हणालं, सत्तेचाळीस.

हे पळणाऱ्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. सराव झालेलं हृदय चढतं तसंच झरझर उतरतं. तोच तर त्याचा गुण. गणिताच्या बाई पुढे कित्येक महिने यावरून तिला चिडवत होत्या. पण त्या वेळी तिला हसू आलं नाही.

"दहा मिनिटांनी एकदा परत घेऊ," डॉक्टर म्हणाले. माणूस दुष्ट नव्हता. "मग मात्र माझा इलाज नाही हो ताई."

दवाखान्याची एक खिडकी शेडच्या आत उघडत होती. दंडाला पट्टा तसाच ठेवून संथाबाई खाली बघत बसली. समोर तिचीच क्रेन. केबिनमध्ये बदली ऑपरेटर होता, चाळिशीचा, ठोके अठ्ठ्याऐंशी, फॉर्म हिरवागार. हुकाला पत्र्यांचा गठ्ठा लावलेला. त्याने तो उचलला आणि हिसक्यासरशी क्रेन पुढे काढली. गठ्ठा झुलायला लागला.

बावीस वर्षांत तिने नव्या माणसांना एकच गोष्ट शिकवली होती. झुलणाऱ्या ओझ्याशी भांडायचं नाही. ते जिकडे जाईल तिकडे हळूच आपण जायचं, की ते आपोआप शांत होतं. त्यासाठी हात थंड लागतो. या माणसाने ब्रेक मारला. झोका वाढला. त्याने पुन्हा ब्रेक मारला. खाली तिघेजण पाठमोरे उभे राहून मोजमाप घेत होते.

"ब्रेक सोड!" ती काचेवर ओरडली. "अरे त्याच्या मागे जा! मागे जा, मूर्खा!"

काचेतून कुणाला ऐकू येणार? खुणा देणाऱ्याने शिट्टी फुंकली, तिघे उड्या मारून बाजूला झाले, आणि गठ्ठा खांबावर असा आदळला की दवाखान्यातल्या बाटल्या किणकिणल्या. कुणाला लागलं नाही. नशीब, दुसरं काही नाही. संथाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, हात लटलट कापत होते.

मागे सिस्टरने बटण दाबलं होतं. पट्टा फुगला, सुटला.

"शहाण्णव!" सिस्टर आनंदाने म्हणाली.

डॉक्टरांनी आकडा घातला. फॉर्म हिरवा झाला आणि प्रिंटरमधून शिक्क्याचा कागद बाहेर आला. "बघा, आला की नाही नॉर्मल! उगाच घाबरत होतात."

संथाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. "डॉक्टर, तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत?"

"ते सुपरवायझर बघतील. तुम्ही फिट आहात, ताई. घ्या हे."

कागद फाडून त्यांच्या टेबलावर टाकावा असं तिला फार वाटलं. पण फाडला असता तर केबिनमध्ये तोच माणूस बसला असता, आणि खाली तेच तिघे. तिने कागद घेतला. थँक्यू म्हणाली नाही.

शेडमध्ये सुपरवायझर घामाघूम होऊन खांबाचा पोचा बघत होता. बदली ऑपरेटर केबिनमधून उतरून क्रेनच्या ब्रेकला शिव्या घालत होता. नाचता येईना अंगण वाकडं. संथाबाईने हिरव्या शिक्क्याचा कागद सुपरवायझरच्या हातात दिला. त्याने वाचला आणि सुटकेचा श्वास टाकला.

"देव पावला. बाई, चढा वर. गठ्ठा अजून लटकतोय."

ती केबिनच्या शिडीपाशी गेली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर बसली. दोन बोटं मनगटावर ठेवली.

"आता काय झालं?" सुपरवायझर वैतागला. "फिट आहात ना?"

"फिट आहे म्हणूनच थांबलेय," ती म्हणाली. "या हातांनी वर गेले तर त्याच्यासारखीच चालवेन. तो गठ्ठा आहे तिथे राहू दे आणि खालची माणसं लांब करा."

आवाज असा होता की सुपरवायझरने मुकाट्याने माणसं हटवली. बदली ऑपरेटरही शिव्या थांबवून उभा राहिला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजत होती. ब्याण्णव. राग जायला तयार नव्हता. शिक्का, समास, पट्टा, सगळं पुन्हा पुन्हा डोक्यात येत होतं, आणि तिने ते येऊ दिलं, जाऊ दिलं. एकाहत्तर. सुपरवायझर येरझारा घालत होता. अठ्ठावन्न. इथे तिचा कागद खोटा झाला, पण ती उठली नाही. हात अजून पुरता आपला झाला नव्हता.

चव्वेचाळीसला ती उठली आणि शिडी चढू लागली.